बरणी कारखान्याचा सुपुर्ददार

देवासात रिक्षावाल्याला नुसतं 'कोठीवाले साब' म्हटलं की तो पुढे पत्ता विचारत नाही. उज्जैन रोडला लागलं की लांबूनच विटांचं एक उंच धुराडं दिसतं, त्याच्या तोंडाशी पिंपळ उगवलेला. "वो चिमनी दिख री है, भिया? बस, उसी के नीचे," असं म्हणून तो तुम्हाला एका गंजलेल्या फाटकापाशी उतरवून देतो. फाटकाला साखळी, साखळीला कुलूप, आणि आत दोन खोल्यांच्या क्वार्टरच्या ओट्यावर खंडोजी भोइटे बसलेले. वय एकाहत्तर, अंगात इस्त्रीचा शर्ट, कमरेला अकरा किल्ल्यांचा जुडगा. बघणाऱ्याला वाटतं, म्हातारा कारखाना राखतोय. कारखान्याने म्हाताऱ्याला कसं धरून ठेवलं होतं, ते मात्र बाहेरून दिसत नसे.

कारखाना संस्थानाच्या काळातला. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक होतं, पण गावाने त्याला बरणी कारखाना म्हटलं आणि तेच टिकलं. खाली पांढरी, खांद्यापासून वर मधाच्या रंगाची, अशी चिनी मातीची बरणी तिथे होत असे. घर मराठी असो की मारवाडी, लोणच्याच्या फळीवर इथली एक तरी बरणी असायचीच. ओली माती साच्यात घालून बरणी घडवायची, वाळवायची, झिलईत बुडवायची, मग जाड मातीच्या डब्यांत ठेवून ते डबे भट्टीत एकावर एक रचायचे. भट्टी दुमजली घराएवढी, आकाराने बाटलीसारखी. दार विटांनी चिणून तीन दिवस जाळ लावायचा. आतला जाळ पुरला की नाही हे उमाशंकर मिस्त्री एका भोकातून बघून नुसत्या रंगावरून सांगायचे, आणि त्यांचा अंदाज चुकल्याचं कोणाला आठवत नाही.

खंडोजी या कारखान्याचे स्टोअरकीपर. भट्टीतून निघालेला प्रत्येक नग त्यांच्या हाताखालून जायचा. बोटाच्या पेराने टकोरा मारायचा. खणखणीत वाजली तर बरणी घ्यायची, बद्द वाजली तर बाजूला. पावतीशिवाय त्यांनी कोणाला टाचणी दिली नाही. मालकाच्या मेव्हण्याने एकदा घरच्या लग्नासाठी सहा बरण्या चिठ्ठीवाचून मागितल्या, तर त्यालाही हात हलवत परत पाठवलं. मेव्हणा वर्षभर तोंड फिरवून जायचा, आणि खंडोजी ती गोष्ट वर्षभर आवडीने सांगायचे.

हा ताठा त्यांना वारशाने मिळालेला. भोइटे मूळचे साताऱ्याकडचे, दरबाराबरोबर माळव्यात आले आणि पिढ्यान्‌पिढ्या संस्थानच्या कोठीवर राहिले. धान्य, तूप, शामियाने, हत्तीच्या झुली, सगळं त्यांच्या ताब्यात. म्हणून गावात नाव पडलं कोठीवाले. घराण्याचा एक नियम होता. कोठीची किल्ली ज्याच्या कमरेला, त्याने शिवेबाहेर मुक्काम करायचा नाही. दिवसा कुठेही जावं, दिवेलागणीला गावात परत. खंडोजींच्या पणजोबांनी म्हणे या नियमापायी सख्ख्या बहिणीच्या लग्नाचं जेवण अर्धं टाकून घोडा हाणला होता. पुढे संस्थान गेलं, कोठी गेली, झुली उंदरांनी खाल्ल्या. नियम तेवढा शिल्लक राहिला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काही उगीच नाही.

खंडोजींना पंचविसाव्या वर्षी स्टोअरची किल्ली मिळाली तेव्हा वडिलांनी त्यांना देवापुढे उभं करून तो नियम ऐकवला. तीन वर्षांनी लग्न झालं. कमल धारची, माहेर दप्तरदारांच्या पैकी, शिकलेली, पुढे इथल्या शाळेत गणित शिकवायला लागली. नवऱ्याचा नियम ऐकून तिने पहिल्यांदा तो थट्टेवारी नेला. मांडवगडला फिरायला गेले तेव्हा सूर्य कलायला लागताच खंडोजी घड्याळ बघायला लागले, आणि नवी नवरी रूपमतीचा मंडप न बघताच परत आली. तरीही ते दिवस बरे होते. कारखाना चालू होता तोवर खंडोजींना रजा मिळायची, रजेत किल्ली साहेबांकडे जमा व्हायची, आणि किल्ली कमरेला नसली की नियमही नसायचा. दोघं अमझेऱ्याला राहिली, नाशिकला राहिली, एकदा रामेश्वरपर्यंत जाऊन आली.

दोन हजार पाच साली मालक भावाभावांचं फाटलं. थोरला म्हणे कारखाना माझा, धाकटा म्हणे माझा, आणि दोघे मिळून कोर्टात गेले. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, पण शहाणे तेव्हा दोघांकडेही नव्हते. भट्टी विझली. कामगार हळूहळू पांगले. एका सकाळी कोर्टाचा नाझर आला आणि तीन दिवस बसून त्याने यादी केली. बरण्या चार हजार तीनशे बारा, प्लास्टरचे साचे सातशे चाळीस, डबे, फळ्या, चाळण्या. यादी झाल्यावर तो आवारात उभा राहून म्हणाला, सुपुर्दगी कोण घेणार? म्हणजे निकाल लागेपर्यंत हा माल कोणाच्या जिम्म्यात ठेवायचा. कोर्ट मागेल तेव्हा जसाच्या तसा हजर करायचा, एवढीच अट.

पंधरा-वीस माणसं उभी होती. जो तो दुसऱ्याकडे बघायला लागला. दोन्ही मालकांचे मुनीम पानाच्या टपरीकडे सरकले. उमाशंकर मिस्त्रींनी खंडोजींची बाही धरली आणि हळूच म्हटलं, "भिया, आ बैल मुझे मार मत करो." पण नाझराने वैतागून, इथे कोणी जबाबदार माणूस आहे की नाही, असं विचारलं, आणि ते वाक्य खंडोजींच्या वर्मी लागलं. कोठीवाल्यांच्या देखत कोणी असं विचारावं? ते पुढे झाले आणि सुपुर्दनाम्यावर सही केली. नुसती सही नाही, पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आणि खाली 'कोठीवाले'.

घरी येऊन त्यांनी किल्ल्या देवापुढे ठेवल्या. कमलने कागद दोनदा वाचला. हे किती दिवसांसाठी, एवढंच तिने विचारलं. खंडोजी म्हणाले, असेल वर्ष-दोन वर्षं.

आता बघा, त्या कागदात कुठेही लिहिलेलं नव्हतं की सुपुर्ददाराने गाव सोडायचं नाही. माल सांभाळा आणि मागितला की द्या, बास. दुसरा कोणी असता तर त्याने दाराला दोन कुलपं ठोकून तीर्थयात्रा केली असती. पण खंडोजींनी कोर्टाचा कागद घराण्याच्या नियमातून वाचला. किल्ली कमरेला आली आणि शीव बंद झाली. रजा मागावी तर साहेब नाही, किल्ली जमा करावी तर घ्यायला माणूस नाही. आपल्याच हाताने त्यांनी बाहेरून कडी घालून घेतली, आणि हे कळायला त्यांना फार दिवस लागले नाहीत.

कमलची आई धारला वारली. खंडोजी सकाळच्या बसने गेले, खांदा दिला, आणि संध्याकाळी परतले. जावई दहा दिवसांत पुन्हा दिसला नाही, हे धारच्या मंडळींनी लक्षात ठेवलं. शुभंकर, एकुलता एक मुलगा, पुण्याला नोकरीला लागला. त्याचं लग्न ठरलं तर खंडोजींनी हट्ट धरला की लग्न देवासलाच. मुलीकडचे ऐंशी माणसं घेऊन एवढ्या लांब आले आणि जाताना विहीणबाई हसत म्हणाल्या की आम्हाला वाटलं होतं बरण्यांनाही पत्रिका गेली असेल. सगळे हसले. कमल हसली नाही.

मग शुभंकरला मुलगी झाली. बारशाला कमल एकटी पुण्याला गेली. ती तेव्हा नुकतीच निवृत्त झालेली. नातीचं नाव देवश्री ठेवल्याचं तिने फोनवर कळवलं. सून कामावर जायची, मूल सांभाळायला माणूस हवं होतं, म्हणून कमल आणखी महिनाभर राहिली. महिन्याचं वर्ष झालं. ही गोष्ट दोन हजार सोळाच्या सुरुवातीची. भांडण असं काही झालंच नाही. झालं असतं तर बरं, ते मिटलं तरी असतं. कमल दिवाळीला देवासला यायची, चार दिवस राहायची, क्वार्टर झाडून काढायची, डबे भरून ठेवायची. जाताना विचारायची, तुमच्या खटल्याचं काय झालं? खंडोजी सांगायचे, चालू आहे. पुढे पुढे ती देवासला यायचीही थांबली. भाऊबीजेला धारला भावाकडे उतरायची, आणि खंडोजी तिथे जाऊन दिवसभरासाठी भेटून यायचे. खटल्याचं विचारणंही तिने सोडलं. खंडोजींना वाटलं, बिचारी कंटाळली.

इकडे माल सांभाळणं चालूच होतं. महिन्यातून एकदा सगळ्या बरण्यांना टकोरा मारायचा, कारण थंडीत जुनी झिलई आपोआप तडकते. पावसाआधी पत्र्यावर ताडपत्री घालायची, साच्यांना बुरशी धरू नये म्हणून उन्हं दाखवायची. एका वर्षी माकडाने खिडकीतून येऊन एक बरणी फोडली. खंडोजींनी रीतसर पंचनामा केला. बरणी क्रमांक अमुक, वेळ सकाळी साडेनऊ, आरोपी माकड, पळून गेलं. साक्षीदार म्हणून उमाशंकर मिस्त्रींची सही घेतली आणि खापऱ्या पिशवीत घालून पिशवी लाखेने बंद केली. मिस्त्री पुढे दोन महिने पानाच्या टपरीवर तो पंचनामा तोंडपाठ म्हणून दाखवायचे. आता तेही राहिले नाहीत.

हसण्यासारखंच होतं सगळं, पण खंडोजींना हसू येईनासं झालं होतं. खरं सांगायचं तर त्यांना त्या बरण्यांचा वीट आला होता. साठी उलटली तशी सकाळी उठून जुडगा कमरेला लावायचं ते चहा होईपर्यंत लांबवायला लागले. पुण्याला नात बोलायला लागली, चालायला लागली, शाळेत जायला लागली, आणि त्यांनी ते सगळं फोनच्या पडद्यावर बघितलं. कमलच्या हातची आमटी आठवून ते स्टीलच्या डब्यातली खिचडी खायचे. सुटका हवी होती, पण कोणाकडे मागणार? सुरुवातीला ते प्रत्येक तारखेला कोर्टात जाऊन बसत. चार वर्षांनी वकिलाने हटकलं की तुम्ही या दाव्यात पक्षकार नाही, उगीच खेटे घालू नका, गरज पडली की बोलावतील. तेव्हापासून ते बोलावण्याची वाट बघत राहिले.

एकदाच त्यांनी धीर केला. दोन हजार अठरा साली अर्ज लिहिला की वयोमानामुळे मला सुपुर्दगीतून मोकळं करावं. लिहिताना मान खाली गेली. भोइट्यांच्या घरात किल्ली परत करायचा अर्ज आजवर कोणी केला नव्हता. कोर्टातल्या बाबूने अर्ज घेतला, चष्म्यावरून बघितलं, आणि फाइल जुनी आहे, शोधून कळवू, म्हणाला. जन्मभर दुसऱ्यांना पावत्या लिहून देणाऱ्या माणसाने त्या दिवशी स्वतःच्या अर्जाची पोचदेखील मागितली नाही, इतकी लाज वाटली. कळवलं कोणीच नाही. खंडोजींनी स्वतःचीच समजूत घातली की खटला चालू असताना कोर्ट सोडणार कसं. त्या अर्जाबद्दल ते कमलला कधी बोलले नाहीत.

वर्षातून एकदा धाकट्या मालकाच्या मुलाचा माणूस मोटारीतून यायचा. फाटकावरूनच आत नजर टाकायचा, "संभाल के रखना हो, साब," म्हणायचा, आणि जायचा. ते ऐकून खंडोजींना बरं वाटायचं. कोणी तरी आहे आपल्या कामाची दखल घेणारं.

या वर्षी दिवाळीनंतर कमलचा फोन आला. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, सोमवारी ऑपरेशन आहे. नंतर महिनाभर दिवसातून सहा वेळा औषधाचे थेंब घालावे लागतील. सून आणि मुलगा दोघं नोकरीवर. मग ती म्हणाली, "येता का?" इतक्या वर्षांत तिने असं सरळ कधी विचारलं नव्हतं. खंडोजी म्हणाले, बघतो. बायको डोळ्यांत थेंब घालायला बोलावते आणि आपण 'बघतो' म्हणतो, याची त्यांना स्वतःचीच चीड आली. त्या रात्री त्यांनी ठरवलं की उठून जावं, कुलूप लावावं आणि जावं. सकाळी जुडगा हातात घेतला, आणि पाय काही फाटकाबाहेर पडला नाही.

तीन दिवसांनी, शुक्रवारी दुपारी, फाटकाशी एक मुलगी आली. तिशीतली असेल, डोक्यावर उन्हाची टोपी, गळ्यात कॅमेरा, मागे टेम्पो आणि चार मजूर. तिने नाव सांगितलं, अपूर्वा. धारची, घरात मराठी, शिक्षण इंदूरचं, काम जुन्या इमारती जपण्याचं. मालकांच्या वारसांनी भट्टीचं आवार एका संस्थेला दिलं होतं. संस्था तिथे कारखान्याचं संग्रहालय करणार होती. भट्टी तशीच राखायची, धुराड्यावरचा पिंपळ काढायचा, आणि जुने साचे, बरण्या मांडून ठेवायच्या. तिच्याकडे वारसांच्या सहीचं पत्र होतं.

खंडोजींनी पत्र वाचलं, घडी घालून परत दिलं. वारसांच्या सहीने हा माल हलत नाही, कोर्टाचा हुकूम आणा, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मुलगी गोंधळली. "पण काकासाहेब, ओनर लोकांनीच दिलंय ना परमिशन. वो लोग तो बोले, वहाँ अपना चौकीदार है, खोल देगा."

चौकीदार हा शब्द खंडोजींच्या कानशिलात बसला. ते आत गेले आणि प्लास्टिकच्या पाकिटातला सुपुर्दनामा घेऊन आले. चौकीदार नाही, सुपुर्ददार, असं म्हणून त्यांनी कागद तिच्यापुढे धरला. कागद हिंदीत होता, तिने भराभर वाचला. वर दाव्याचा क्रमांक होता. तिने फोन काढला, क्रमांक घातला, आणि वाट बघत उभी राहिली. खंडोजी तिला समजावत होते की हे प्रकरण फोनवर मिटणारं नाही, वीस वर्षं चाललेला खटला आहे, त्यात मोठमोठे वकील आहेत.

"काकासाहेब," ती म्हणाली, "ये तो खतम हो गया. समझौता झाला दोघांमध्ये. सात डिसेंबर, दोन हजार सोळा."

खंडोजी म्हणाले, दुसरा दावा असेल. तिने पुन्हा क्रमांक घातला. पक्षकारांची नावं वाचून दाखवली. थोरला, धाकटा, बापाचं नाव, सगळं तेच. मग तिने फोन त्यांच्या हातात दिला. छोट्या पडद्यावर चार ओळी होत्या. शेवटच्या ओळीत सुपुर्दगीचा माल मूळ मालकांना परत, असंही होतं. म्हणजे कोर्टाने त्यांना सोडलंसुद्धा होतं. कोणी येऊन सांगितलं नाही, एवढंच. आणि तो मोटारीतला माणूस दर वर्षी येऊन गेला. फुकटचा, प्रामाणिक, इस्त्रीचा शर्ट घालणारा चौकीदार कोण सोडेल?

दोन हजार सोळाच्या सात डिसेंबरला आपण काय करत होतो, हे त्यांना आठवेना. टकोरे मारत असू. त्यांनी फोन परत दिला. अपूर्वाने पाणी आणलं. ती काहीतरी बोलत होती, वारसांवर चिडली होती बहुतेक, पण त्यांना नीट ऐकू येत नव्हतं. थोड्या वेळाने ते उठले, जुडगा कमरेचा काढला आणि तिच्या हातात दिला. कुठली किल्ली कशाची, तेवढं सांगितलं. मजूर स्टोअरमध्ये शिरले. एकाने बरणी उचलताना ती दुसरीवर आपटली, आणि खंडोजींनी मान वळवली नाही.

मग हळूहळू त्यांना एक गोष्ट सुचली, आणि छातीवरचा दगड सरकल्यासारखं झालं. आज शुक्रवार. ऑपरेशन सोमवारी. रविवारच्या गाडीने निघालं तर सकाळी ते तिथे. पुण्यात राहायचं, परतायचं नाही, कोणी विचारायचं नाही. त्यांनी ओट्यावर बसून फोन लावला. नऊ वर्षांची गोष्ट मात्र कमलला सांगायची नाही, असं त्यांनी रिंग वाजता वाजता ठरवलं. आपण मोकळे होतो आणि तरी बांधलेले राहिलो, हे ऐकून ती रडेल, आणि ऑपरेशनच्या तोंडावर रडू नये. शिवाय एवढं मूर्ख ठरल्याचं कोणत्या तोंडाने सांगायचं?

"कमल," ते म्हणाले, "निकाल लागला. आज लागला. मी सुटलो बघ."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. कमलने गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"काय म्हणालात?"

"आज लागला निकाल. रविवारी निघतो—"

"तो दोन हजार सोळात लागला," कमल म्हणाली. फळ्यावर कोणाचं चुकलेलं गणित दुरुस्त करताना तिचा आवाज असाच शांत असायचा. "शुभंकरने पुढच्याच वर्षी कंप्यूटरवर काढून दाखवला मला."

तुला ठाऊक होतं तर बोलली का नाहीस, असं खंडोजी म्हणाले.

"बोलले नाही? तीन दिवाळ्या विचारलं मी, खटल्याचं काय झालं. तुम्ही तिन्ही वेळा म्हणालात, चालू आहे. माझ्या तोंडावर म्हणालात. शुभंकर म्हणत होता, आबांना स्पष्टच विचारूया. मीच नको म्हटलं. म्हटलं, माणसाला यायचं नाहीये, म्हणून कोर्ट पुढे करतोय. त्याचं त्याला वाटेल तेव्हा येईल."

"मला ठाऊक नव्हतं, कमल. देवाशपथ सांगतो. आत्ता दुपारी कळलं."

"आणि आत्ता मला काय सांगितलंत? आज लागला."

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात खंडोजी बायकोशी एकदाच खोटं बोलले होते, आणि ते दोन मिनिटांपूर्वी. त्यांनी वर बघितलं. अपूर्वा भट्टीच्या दाराशी उभी राहून फोटो काढत होती. तिला हाक मारावी, फोन तिच्या कानाला लावावा, ती सांगेल की म्हाताऱ्याला खरंच ठाऊक नव्हतं, माझ्यासमोर कळलं. हाक ओठांवर आलीही. पण कमल धारच्या दप्तरदारांची. नवऱ्याने परक्या मुलीची साक्ष काढली, तर ती ऐकून घेईल, मुलीला चहा पाजा म्हणेल, आणि मानणार नाही. खंडोजींनी हाक मारली नाही.

पलीकडे कमलने नाक ओढल्याचा आवाज आला, आणि ती पुन्हा नेहमीच्या आवाजात बोलायला लागली.

"या तुम्ही. थेंब घालायला माणूस हवंच आहे. शुभंकरने खोली लावून ठेवलीय, देवश्री रोज विचारते. पण एक सांगते. आल्यावर हा विषय काढायचा नाही. कोणाला काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, ते मला आता ऐकायचं नाही. कधीच नाही."

"पण कमल, ते खरं—"

"काढणार नसाल तर या."

मजुरांनी टेम्पोचं फाळकं लावलं. फाटक सताड उघडं होतं, वीस वर्षांत पहिल्यांदा, आणि रस्त्यावरची एक गाय आत येऊन वाळलेलं गवत खात होती.

"नाही काढणार," खंडोजी म्हणाले.